जुनं हेल्मेट, जुने पॅड, जुनी स्टिक: हायस्कूल लॅक्रोसमध्ये काय चालतं आणि काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा न्यू जर्सीत यंदा नववीला आहे आणि शाळेच्या लॅक्रोस संघासाठी, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायच्या खेळासाठी, त्याने नाव दिलंय. ओळखीच्या एका कुटुंबाने त्यांच्या मोठ्या मुलाचं सगळं सामान देऊ केलंय: हेल्मेट, शोल्डर पॅड, ग्लोव्हज, दोन स्टिक. सराव दोन आठवड्यांवर आलाय. हे सामान चालेल की नवीन घ्यावं लागेल? पंच भर सामन्यात स्टिक मोजतात आणि मुलाला बाहेर बसवतात असं ऐकलं, ते काय असतं? आणि नंतर हेच सामान धाकट्या मुलीला वापरता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे: नाही. मुलींचं लॅक्रोस हा नावापुरता तोच खेळ. त्यांची नियमावली वेगळी, स्टिकच्या डोक्याची घडण वेगळी, पॉकेट, म्हणजे जाळीची खोली, जवळजवळ सपाट, आणि अंगाला अंग भिडवून अडवायला परवानगी नाही. त्यामुळे तिला हेल्मेट-पॅडच्या या जामानिम्याची गरज नाही; डोळ्यांवरचे गॉगल आणि माउथगार्ड ही तिची मुख्य साधनं. मुलाच्या सामानाचा विचार मुलापुरताच करा.

आता मुख्य मुद्दा. जुनं सामान बघताना आपण दोनच गोष्टी बघतो: मापाला बसतं का, आणि फाटलंय का. तपासणीत प्रश्न वेगळे येतात. अंगावरच्या सामानासाठी प्रश्न असा की त्यावर ठरलेल्या मानकाची खूण आहे का. स्टिकसाठी प्रश्न असा की आज, या क्षणी, ती मापात आहे का. म्हणजे नवंकोरं दिसणारे पॅड बाद होऊ शकतात, आणि दुकानातून महिन्यापूर्वी आणलेली स्टिकसुद्धा. पॅड बदलत नाहीत, नियम बदलतो. स्टिक मात्र स्वतःच बदलत राहते.

नियमावली कोणती ते आधी पक्कं करू, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. अमेरिकेत मुलांच्या मैदानी लॅक्रोसच्या तीन नियमावल्या शेजारी शेजारी चालतात. लहान वयोगटांसाठी यूएसए लॅक्रोस या संस्थेची, हायस्कूलसाठी इंडियानापोलिसच्या एनएफएचएसची, म्हणजे राज्याराज्यांच्या शालेय क्रीडा संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाची, आणि महाविद्यालयांसाठी एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची. तुमच्या मुलाला लागू होते ती एनएफएचएसची. व्हर्सिटी म्हणजे शाळेचा मुख्य संघ असो, ज्युनिअर व्हर्सिटी म्हणजे त्याखालचा संघ असो की फक्त नववीचा संघ असो, सामानाचे नियम तेच. राज्य संघटना त्यात थोडी भर घालू शकते आणि पुस्तकात दरवर्षी दोन-चार कलमं बदलतात, म्हणून प्रशिक्षकाकडे चालू वर्षाची प्रत बघायला मागा. यूट्यूबवर स्टिकबद्दल जे सांगितलं जातं ते पुष्कळदा महाविद्यालयीन नियमांचं असतं, आणि ते ऐकून मुलं दोऱ्या ओवतात.

शोल्डर पॅडपासून सुरुवात करू या, कारण देऊ केलेल्या सामानातली सगळ्यात मोठी अडचण बहुधा तिथेच निघेल. १ जानेवारी २०२२ पासून हायस्कूलमध्ये मैदानी खेळाडूच्या शोल्डर पॅडना नॉक्सीचं एनडी २०० हे मानक सक्तीचं आहे. गोलकीपरच्या छातीच्या पॅडना ते एक वर्ष आधी, १ जानेवारी २०२१ पासून लागलं. नॉक्सी ही खेळांच्या संरक्षक साधनांची मानकं ठरवणारी संस्था. पॅडच्या छातीच्या भागावर, बाहेरून आणि उलटे करून आतूनही बघा. तिथे नॉक्सीची, एनडी २०० ची आणि एसईआय या प्रमाणन संस्थेची खूण छापलेली किंवा शिवलेली हवी. नसेल तर ते पॅड सामन्यात चालणार नाहीत, मग ते कितीही जाड आणि महागाचे असोत. ज्या घरातला मुलगा २०२० किंवा त्याआधी हायस्कूल संपवून बाहेर पडला, त्याच्या पॅडवर ही खूण असण्याची शक्यता फार कमी. आत जास्तीचा फोम शिवून काम भागत नाही. प्रमाणपत्र त्या तयार वस्तूचं असतं, जाडीचं नाही.

हा नियम कुणा कंपनीचा माल खपवायला केलेला नाही, हे पालकांना मी नेहमी सांगतो. त्यामागे कमोशिओ कॉर्डिस नावाचा प्रकार आहे. निरोगी मुलाच्या छातीवर, थेट हृदयासमोर, चेंडूचा एक ठोसा बसतो. हृदयाच्या ठोक्याच्या चक्रातल्या काही मिलिसेकंदांच्या नेमक्या क्षणी तो बसला, तर हृदयाची लय बिघडते आणि ते नुसतं थरथरत राहतं. बरगडी मोडलेली नसते, हृदयात मुळात काही दोष नसतो, तरी मुलगा दोन पावलं टाकून कोसळतो. वाढत्या वयात छातीचा पिंजरा लवचीक असतो, म्हणून धोका याच वयात जास्त. लॅक्रोसचा चेंडू भरीव रबराचा, ५ ते ५.२५ औंसांचा, म्हणजे साधारण १४२ ते १४९ ग्रॅम. जुने पॅड खांदा आणि गळपट्टीचं हाड वाचवायला केलेले होते. हृदयासमोर त्यांत पातळ स्पंज असायचा. एनडी २०० च्या पॅडमध्ये त्या जागी धक्का पसरवणारी कठीण-मऊ थरांची पट्टी असते.

म्हणूनच या पॅडचं माप जपून घ्या. ‘पुढच्या वर्षी येतील’ म्हणून एक माप मोठे घेतले तर पॅड धावताना वर सरकतात आणि नेमकी ती पट्टी हृदयावरून हलते. घालून दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आणायला सांगा. पट्टी पुन्हा छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, किंचित डावीकडे येऊन बसली पाहिजे. गळ्याशी चढून राहिली तर माप चुकलंय किंवा बगलेखालचे पट्टे सैल आहेत. आणि पॅड कितीही चांगले असले तरी धोका शून्य होत नाही. मैदानावर एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देऊन लय परत आणणारं यंत्र, कुठे ठेवलाय आणि तो वापरता येणारं कोण आहे, हे पहिल्याच पालकसभेत विचारा. अशा वेळी पहिल्या दोन-तीन मिनिटांत छातीवर दाब देणं आणि एईडीचा झटका मिळणं यावर सगळं अवलंबून असतं.

हेल्मेटचं गणित जरा वेगळं. खूण त्याच्यावरही हवी, नॉक्सीचीच, बाहेरच्या कवचावर किंवा आत. पण हेल्मेट बहुतेक शाळा स्वतः देतात किंवा संघाच्या रंगाचं एकत्र मागवतात, कारण संघातल्या सगळ्यांच्या हेल्मेटचा मुख्य रंग एकच लागतो. ते जुनं हेल्मेट दुसऱ्या गावच्या संघाच्या रंगाचं असेल तर प्रश्न तिथेच मिटला. घरी रंगवून घेऊ नका. रंग, थिनर, भोकं पाडणं, फेसमास्कच्या सळ्या वाकवणं, असं काहीही केलं की प्रमाणपत्र रद्द होतं, आणि काही द्रावकांनी कवच आतून ठिसूळही होतं.

रंग जुळत असेल, तर हेल्मेट उजेडात धरून तीन जागा बघा: फेसमास्कच्या स्क्रूभोवती बारीक तडे, आतला फोम बोटाने दाबला की लगेच परत उठतो का, आणि शेवटच्या फेरतपासणीच्या वर्षाचं स्टिकर. नॉक्सीचा परवाना असलेली केंद्रं हेल्मेट उघडून, तपासून, पुन्हा प्रमाणित करतात. बहुतेक शाळा हंगाम संपला की सगळी हेल्मेटं एकत्र तिकडे पाठवतात, त्यात तुमचंही घालता येईल का ते विचारा. मॉडेलचं नावही वाचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये नॉक्सीने कॅस्केड कंपनीचं ‘आर’ आणि वॉरियर कंपनीचं ‘रेग्युलेटर’ या दोन मॉडेलांची प्रमाणपत्रं रद्द ठरवली होती. कॅस्केडने नंतर हेल्मेटं परत मागवून दुरुस्त करून दिली, पण माळ्यावर पडून राहिलेलं एखादं दुरुस्तीविना असू शकतं. इतकं जुनं हेल्मेट हाती आलंच तर माझं मत सरळ आहे: नको.

डोक्याला हेल्मेट कसं बसायला हवं? भुवयांच्या साधारण एक इंच वरून डोक्याचा घेर मोजा आणि कंपनीच्या तक्त्यावरून माप घ्या. घातल्यावर पुढचा जिभेसारखा भाग नजरेच्या रेषेच्या जरा वर राहायला हवा. दोन्ही हातांनी हेल्मेट हळू फिरवा. कपाळाची कातडी सोबत हलली तर माप बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं. हनुवटीचा पट्टा चार टोकांचा असतो आणि चारही बटणं लावलेली लागतात. मुलं मागची दोन सोडून ठेवतात, कारण काढायला-घालायला सोपं जातं. पंच ते लांबून ओळखतो, हेल्मेट डुलतं.

माउथगार्ड पारदर्शक किंवा पांढरा घेऊ नका, त्यावर दातांचं चित्रही नको. कारण साधं आहे: तोंडात आहे की नाही ते पंचाला दहा यार्डांवरून दिसलं पाहिजे. दातांना ब्रेसेस असतील तर उकळत्या पाण्यात मऊ करून चावायचा नेहमीचा प्रकार टाळा, तो तारांवर चिकटून घट्ट होतो. ब्रेसेससाठीचा सिलिकॉनचा वेगळा मिळतो. जुना माउथगार्ड कुणाकडून घ्यायचा नाही, हे सांगायला नको. दोन घ्या, एक बॅगेत राहू द्या, कारण सगळ्यात जास्त हरवणारी वस्तू हीच.

ग्लोव्हजना मानकाची अडचण नाही, म्हणून देऊ केलेल्या सामानातले ग्लोव्हज बहुधा वापरता येतील. हायस्कूलच्या मुलाला साधारण १३ इंची लागतात, हाडाने लहान असेल तर १२. तळवा बघा. स्टिकची पकड चांगली मिळावी म्हणून काही मुलं तळव्याचं कापड किंवा बोटांची टोकं कापून टाकतात. तसे ग्लोव्हज अवैध. झिजून भोक पडलं असेल तर तळवा बदलून घ्या. कोपरांचे आर्म पॅड सक्तीचे आहेत, गोलकीपर सोडून. बरगड्यांचे पॅड सक्तीचे नाहीत, पण अटॅकवर, म्हणजे समोरच्या गोलापाशी, खेळणाऱ्या मुलाने घालावेत, कारण पाठीमागून स्टिकचे फटके त्यालाच जास्त बसतात. जांघेचं संरक्षण करणारा कप घालायचाच. बूट सॉकरचे चालतात. हेल्मेटवर डोळ्यांसमोरची काच लावायची असेल तर ती घट्ट बसणारी आणि पूर्ण पारदर्शक हवी, गॉगलसारखी रंगीत नाही.

आपल्या घरांत हमखास निघणारी एक गोष्ट इथेच सांगतो. मनगटावरचं कडं, कानातली बाळी, गळ्यातली साखळी हे सगळे दागिने धरले जातात आणि मैदानात चालत नाहीत. धार्मिक पदक किंवा लॉकेट काढायचं नसेल तर ते टेपने अंगाला चिकटवून जर्सीच्या आत ठेवावं लागतं. वैद्यकीय माहितीचा पट्टा टेप लावून, पण वाचता येईल असा ठेवता येतो. मनगटावरच्या दोऱ्याबद्दल सामन्याच्या दिवशी वाद घालण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षकाशी बोलून ठेवा. ग्लोव्हच्या मनगटाखाली तो टेपने झाकता येतो.

आता स्टिक. नियमावली तिला ‘क्रॉस’ म्हणते. लांबीचे दोनच कप्पे आहेत: छोटी ४० ते ४२ इंच, लांब ५२ ते ७२ इंच. मधलं काहीही चालत नाही. डोक्याची रुंदी, सगळ्यात रुंद जागी आतून आत मोजून, ६.५ ते १० इंच. गोलकीपरची स्टिक ४० ते ७२ इंचांची आणि तिचं डोकं १० ते १२ इंच रुंद. एका संघाच्या जास्तीत जास्त चार लांब स्टिक एका वेळी मैदानात असू शकतात, गोलकीपरची सोडून.

देऊ केलेल्या दोन स्टिकपैकी एक त्या मुलाच्या लहानपणची असेल तर आधी फूटपट्टी लावा. लहान वयोगटाच्या नियमांत ३७ इंचांची स्टिक चालते, आणि दुकानात ‘संपूर्ण संच’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच स्टिक तेवढ्याच असतात. त्या हायस्कूलमध्ये बाद. नेहमीचा छोटा दांडा ३० इंचांचा येतो आणि डोकं लावून तो साधारण ४० च्या पुढे जातो. पण कुणी तो मुलाच्या उंचीसाठी इंचभर कापला असेल, तर डोळ्यांना कळत नाही, टेपला कळतं.

दांड्याच्या टोकाची रबरी टोपी बघा. पोकळ दांड्याला स्टिकसाठीच बनवलेली टोपी लागते, नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली चालत नाही. कारण डोळ्यांसमोर आणायचं तर पुऱ्या कापायला आपण लाटलेल्या पोळीवर वाटी दाबतो ते आठवा. उघडी अॅल्युमिनियमची नळी पळत्या मुलाच्या मांडीत किंवा पोटात तशीच घुसते, गोल चीर पाडत. टोपी बसवा आणि मग तिच्यावरून चिकटपट्टीचे चार वेढे द्या, म्हणजे ती उडणार नाही.

खरा तंटा जाळीचा. डोक्यात ओवलेल्या जाळीला पोटासारखी खोली असते, त्याला पॉकेट म्हणतात. खोल पॉकेटमध्ये चेंडू घट्ट बसतो, म्हणून नवशिक्याला ते आवडतं, आणि म्हणूनच त्यावर मर्यादा आहे. तपासणी अशी: स्टिक जमिनीला समांतर धरायची, उघडी बाजू वर. चेंडू पॉकेटच्या सगळ्यात खोल जागी ठेवायचा. आता डोकं डोळ्यांच्या पातळीला आणून बाजूने बघायचं. प्लॅस्टिकच्या कडेला, म्हणजे साइडवॉलला, वरची धार असते आणि खालची धार असते. चेंडूचा माथा खालच्या धारेच्याही खाली गेला, म्हणजे धार आणि चेंडूच्या मधून पलीकडचा उजेड दिसला, तर पॉकेट खोल, स्टिक अवैध. उजेड दिसत नसेल तर ठीक. चेंडूचा व्यास अडीच इंचांच्या आसपास असतो, त्यावरून जाळी किती लोंबू शकते याचा अंदाज येईल. गोलकीपरच्या स्टिकला ही मर्यादा नाही.

दुसरी तपासणी चेंडू सुटतो का याची. स्टिक आडवी धरून चेंडू घशाशी, म्हणजे दांडा आणि डोकं जुळतात त्या टोकाशी ठेवा आणि स्टिक पुढे नव्वद अंशांत झुकवा. चेंडू आपोआप घरंगळत पुढच्या टोकाने बाहेर पडला पाहिजे. अडकला, लटकला, झटका द्यावा लागला तर नापास. हे दोन कारणांनी होतं. एक, समोरच्या आडव्या दोऱ्या, शूटिंग स्ट्रिंग, फार ताणलेल्या असतात आणि त्यांच्यामागे खळगा तयार होतो. दोन, डोकंच आत चिमटलं गेलेलं असतं. फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना जमिनीवरच्या चेंडूसाठीची झुंज, घेणाऱ्या मुलांच्या स्टिकची डोकी रोज जमिनीवर दाबली जाऊन अरुंद होतात. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत जड बॅगेखाली पडलेलं डोकंही वाकडं होतं. प्लॅस्टिक गरम असताना जसं दाबलं जाईल तसं थंड झाल्यावर राहतं. ६.५ इंचांच्या खाली गेलेलं डोकं हाताने फाकवून सामन्यापुरतं मापात आणणारी मुलं असतात. दुसऱ्या सत्रापर्यंत ते परत मिटतं.

दोऱ्यांचे नियम मोजके आहेत. जाळी सोडून ज्या जास्तीच्या दोऱ्या असतात, शूटिंग स्ट्रिंग किंवा व्ही आकाराच्या, त्या सगळ्या डोक्याच्या वरच्या टोकापासून ४ इंचांच्या आत असल्या पाहिजेत. प्रत्येक बाजूला साइडवॉल स्ट्रिंग, म्हणजे जाळी कडेला बांधणारी दोरी, एकच. बाहेर लोंबणारी टोकं २ इंचांपेक्षा लांब नकोत. जुनी स्टिक हातात आली की हे तिन्ही बघा, कारण ज्याने ती ओवली त्याने ती स्वतःच्या काळच्या आणि स्वतःच्या हौशीच्या हिशेबाने ओवली असणार.

आणि हे एकदा तपासून संपत नाही. नवी जाळी पहिले दोन-तीन आठवडे ताणत जाते. मुलं ती लवकर मऊ व्हावी म्हणून रात्री चेंडू आत ठेवून दोरीने आवळून ठेवतात, मग ती आणखी बसते. पाऊस पडला की साधी मऊ जाळी पाणी पिते आणि लोंबते. कोरड्या मैदानावर सामन्याआधी पास झालेली स्टिक मध्यंतरापर्यंत खोल होते. ओल्या शूटिंग स्ट्रिंगच्या गाठी सरकतात. न्यू जर्सीत मार्च-एप्रिलचे सामने आहेत, म्हणजे ओलं मैदान ठरलेलंच. मेणाचा थर दिलेली जाळी पाण्यात कमी बदलते, पहिल्या स्टिकला तीच सुचवतो.

खोल झालेलं पॉकेट दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात आणि ते मुलाने स्वतः शिकावं. घशाशी जाळीच्या तळातून जाणारी एक दोरी असते, बॉटम स्ट्रिंग. तिची गाठ सोडायची, दोन्ही बाजूंनी अर्धा इंच ओढायची, परत गाठ मारायची आणि उजेडाची तपासणी पुन्हा करायची. एवढ्याने भागलं नाही तर साइडवॉल स्ट्रिंग वरपासून एक-एक घर घट्ट करत यावं लागतं. शूटिंग स्ट्रिंग ओढून पॉकेट उथळ करायला जाऊ नका. खोली तशीच राहते आणि चेंडू मात्र अडकायला लागतो, म्हणजे एक तपासणी वाचवायला जाऊन दुसरीत नापास.

सामन्यात काय होतं ते आता सांगतो. सुरुवातीआधी मुख्य प्रशिक्षक पंचांना खात्री देतो की आपले सगळे खेळाडू नियमाप्रमाणे सज्ज आहेत. त्यानंतर पंच मध्येच कुणाचीही स्टिक आणि सामान तपासू शकतात. स्टिक मागितली की ती तशीच हातात द्यायची. देता देता दोरी ओढली, जाळी बोटाने वर ढकलली, तर ते खेळाडूवृत्तीला सोडून वागणं धरलं जातं, आणि मूळ दोषापेक्षा ते महागात पडतं. दोष जागेवर सुधारता येण्याजोगा असेल, जसं खोल पॉकेट, लांब टोकं किंवा गळालेली टोपी, तर शिक्षा हलकी. लांबी, रुंदी, जास्तीची साइडवॉल स्ट्रिंग, न सुटणारा चेंडू, अशा रचनेतल्या दोषाला जड, आणि ती स्टिक सामना संपेपर्यंत टेबलापाशी राहते. शिक्षेची मुदत प्रकाराप्रमाणे १ ते ३ मिनिटं. नुकताच गोल केलेल्याची स्टिक लगेच तपासली आणि अवैध निघाली, तर तो गोलही जाऊ शकतो.

या शिक्षा ‘नॉन-रिलीजेबल’ असतात, आणि तुम्ही ऐकलेली गोष्ट बहुधा हीच. साध्या चुकीत खेळाडू बाहेर असताना समोरच्या संघाने गोल केला की तो लगेच परत येतो. इथे येत नाही, कितीही गोल झाले तरी पूर्ण वेळ बसतो. सत्रं १२ मिनिटांची, चार. त्यातली तीन मिनिटं नऊ जणांनी दहा जणांशी खेळायचं, तेही एका सैल गाठीमुळे. म्हणून प्रत्येक मुलाकडे दुसरी, तशीच ओवलेली, तपासलेली स्टिक हवी. तुम्हाला मिळणाऱ्या दोनपैकी एक मापात निघाली तर तिचा तोच उपयोग करा.

गॅलरीत बसून सामना कळावा म्हणून एवढं पुरे होईल. मैदान ११० बाय ६० यार्ड. दहा खेळाडू: गोलकीपर, तीन डिफेन्स, तीन मिडफिल्ड, तीन अटॅक. गोल ६ फूट बाय ६ फूट आणि तो मैदानाच्या टोकाला नसतो. मागे १५ यार्ड जागा असते आणि तिथूनही खेळ चालतो. गोलाभोवती ९ फूट त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे क्रीझ. क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्याला क्रीझ म्हटलं की पोहोचायची रेघ आठवते, इथे उलट: आक्रमकाने त्यात पाऊल टाकायचं नाही. ऑफसाइड माणसं मोजून ठरतो. संघाचे निदान चार आपल्या अर्ध्यात आणि निदान तीन समोरच्या अर्ध्यात राहिले पाहिजेत. तांत्रिक चुकीला ३० सेकंद, किंवा चेंडू आपल्याकडे असेल तर तो गमवायचा. फटका, पाय अडकवणं, चुकीची धडक अशा वैयक्तिक चुकांना १ ते ३ मिनिटं. धडक समोरून किंवा बाजूने, कमरेच्या वर आणि मानेच्या खाली एवढीच वैध. डोकं-मानेला लागलेली धडक नॉन-रिलीजेबल असते आणि ते योग्यच आहे. हेल्मेट कवटी वाचवतं, आतल्या मेंदूचं हिंदकळणं थांबवत नाही. मुलगा धडकेनंतर गोंधळलेला वाटला तर त्या दिवशी परत मैदानात जायचा विषय संपला.

काही गोष्टी मुलाची जागा ठरेपर्यंत सांगता येत नाहीत. नववीच्या मुलाला प्रशिक्षक पहिल्या दोन आठवड्यांत तीन जागी खेळवून बघतो. डिफेन्सला गेला तर लांब स्टिक लागेल आणि छोटीवर केलेला खर्च वाया जाईल. गोलकीपर झाला तर सगळंच वेगळं: गळ्याचं संरक्षण सक्तीचं, छातीचा पॅड गोलकीपरचा, आणि हे सामान बहुतेक शाळांकडे असतं. फेसऑफ घेणारा झाला तर दांड्यावर वेगळ्या रंगाची टेप लागते आणि डोकं वर्षात दोनदा बदलावं लागतं. म्हणून लांब स्टिक, गोलकीपरचं सामान, महागडं डोकं, यांतलं काहीच आत्ता घेऊ नका.

हातातल्या दोन आठवड्यांत क्रम असा ठेवा. आज त्या पॅडवरची खूण बघा. एनडी २०० नसेल तर नवीन शोल्डर पॅड आत्ताच मागवा, हंगाम तोंडावर आला की मधली मापं दुकानातून आधी संपतात. प्रशिक्षकाला एक ईमेल लिहा: हेल्मेट शाळा देते का, मुख्य रंग कोणता, मनगटावरच्या दोऱ्याबद्दल काय. माउथगार्ड दोन. आर्म पॅड आणि कप नवे. ग्लोव्हज जुने चालतील, आतून साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. ड्रायरमध्ये घातले तर चामडं आखडतं. दोन्ही स्टिक टेपने मोजा, टोप्या बघा, आणि एक नवा चेंडू आणून उजेडाची आणि सुटण्याची तपासणी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी मुलाकडून करून घ्या. जाळी कडक होऊन पिवळी पडली असेल तर डोकं ठेवा आणि नुसती जाळी-दोऱ्या नव्या ओवून घ्या; स्टिकच्या दुकानात ते काम करून देतात, सांगताना ‘हायस्कूल, एनएफएचएस’ हे शब्द न विसरता सांगा. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात एक छोटी मेजपट्टी, दोन जास्तीच्या शूटिंग स्ट्रिंग, एक दांड्याची टोपी आणि चिकटपट्टीचं रीळ कायम राहू द्या. पावसाच्या दिवशी मध्यंतरात मुलाने पाणी पिण्याआधी जाळी बघावी.